व्यवस्थापन परिषदेच्या सदस्यांना वयाची अट : कायदा कुठे बोलतो आणि कुठे गप्प आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका अकृषी विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक सदस्य निवडून आले आहेत. कुलगुरूंना वयाच्या ६५ व्या वर्षी पद सोडावे लागते. मग त्यांच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या सदस्याला वयाची कमाल मर्यादा नाही का, नसेल तर ती असावी का, आणि विद्यापीठाला स्वतःच्या अधिकारात ती घालता येईल का? माझ्या नोकरीचा बराचसा काळ विद्यापीठाच्या निवडणूक विभागात आणि सभा व दप्तर विभागात गेला असल्यामुळे हे तिन्ही प्रश्न मला अनेकदा विचारले गेले आहेत. त्यांची उत्तरे अनुक्रमे अशी : मर्यादा नाही, सरसकट असू नये, आणि विद्यापीठाला ती घालता येणार नाही. कारणे मात्र सविस्तर सांगावी लागतील, कारण यातील बहुतेक गैरसमज कायद्याचे एकच कलम वाचून पुढचे न वाचल्यामुळे झालेले असतात.

महाराष्ट्रात हा विषय महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याखाली येतो. १ मार्च २०१७ पासून तो अमलात आला आणि त्याने १९९४ च्या विद्यापीठ कायद्याची जागा घेतली. या कायद्यात वयाचा उल्लेख अधिकारी पदांच्या संदर्भात येतो. कुलगुरूंची मुदत पाच वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर असते. प्र-कुलगुरूंची मुदत कुलगुरूंच्या मुदतीबरोबर संपते, पण त्यांनाही ६५ ची रेषा लागू आहे. प्राधिकरणांच्या सदस्यांकडे, म्हणजे अधिसभा (सिनेट), व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद यांच्याकडे वळले की कायदा वयाबद्दल काहीही बोलत नाही. सदस्यत्वाच्या अपात्रतेची कारणे तो मोजून देतो : न्यायालयाने मनोविकल ठरवणे, नादारी, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा, खाजगी शिकवणी वर्ग चालवणे, परीक्षेतील गैरप्रकाराबद्दल झालेली शिक्षा, अशी ती यादी आहे. त्या यादीत वय नाही. खुद्द अधिसभेचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे असते त्या कुलपतींचा, म्हणजे राज्यपालांचा विचार केला तरी राज्यघटनेच्या १५७ व्या अनुच्छेदात त्यांना किमान ३५ वर्षांची अट आहे आणि कमाल वयाची कोणतीही अट नाही.

तरीही व्यवहारात निम्म्याअधिक सभागृहाला वयाची मर्यादा लागू असतेच, फक्त ती वेगळ्या दारातून आत येते. अधिसभेत दहा प्राचार्य, दहा अध्यापक, दहा नोंदणीकृत पदवीधर आणि संस्थांच्या व्यवस्थापनांचे सहा प्रतिनिधी निवडून येतात, आणि या चारही गटांतून प्रत्येकी दोघे अधिसभेमार्फत व्यवस्थापन परिषदेवर जातात. यांतील अध्यापक हा अध्यापक आहे म्हणूनच सदस्य असतो. तो सेवानिवृत्त झाला की त्याचे सदस्यत्व त्याच दिवशी संपते, मुदत कितीही शिल्लक असो. महाविद्यालयीन अध्यापकाचे निवृत्तीचे वय ६० आहे आणि प्राचार्यांचे ६२, काही अटींवर पुढे वाढ मिळण्याची सोय सोडली तर. याचा अर्थ असा की तशी वाढ न मिळाल्यास छप्पन्नाव्या वर्षी निवडून आलेला अध्यापक पाच वर्षांची मुदत पूर्ण करूच शकत नाही, आणि अध्यापक संघटनांना उमेदवार ठरवताना जन्मतारखांचा तक्ता समोर घेऊन बसावे लागते. पदसिद्ध सदस्यांचेही तसेच आहे : खुर्ची गेली की सदस्यत्व गेले. पदवीधर आणि संस्थाचालक यांना मात्र असा कोणताही शेवट नाही. पदवी कधी निवृत्त होत नाही, आणि शिक्षण संस्थेचे अध्यक्षपद तर अनेक ठिकाणी हयातभर एकाच घरात राहते. तेव्हा वयाच्या मर्यादेची मागणी जेव्हा होते तेव्हा तिचा रोख वस्तुतः या दोन गटांवर आणि नामनिर्देशित सदस्यांवर असतो, हे आधी मान्य करून पुढे बोललेले बरे.

उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या दिवशी हा आक्षेप जवळजवळ ठरल्यासारखा येतो. टेबलावर अर्जांचे गठ्ठे, प्रत्येक अर्जाला मतदार यादीतील अनुक्रमांक, सूचक आणि अनुमोदकाच्या सह्या, जातीच्या दाखल्याची प्रत. समोर उमेदवार आणि त्यांचे प्रतिनिधी. कोणीतरी उठून म्हणतो, "साहेब, हे गृहस्थ ऐंशीला टेकले आहेत, यांचा अर्ज कसा काय वैध?" निवडणूक अधिकाऱ्याने यावर एकच प्रश्न विचारायचा असतो : "कोणत्या कलमाखाली आक्षेप घेता?" त्याचे उत्तर येत नाही, कारण तसे कलम नाही. आक्षेप लेखी घ्यायचा, फेटाळल्याचे कारण त्याच कागदावर लिहायचे, आणि पुढचा अर्ज घ्यायचा. एखादा नवखा अधिकारी इथे गडबडतो आणि "विचाराधीन" असा शेरा मारून ठेवतो. त्या एका शब्दातून पुढे न्यायालयीन प्रकरण उभे राहू शकते.

आता विद्यापीठ स्वतः अशी अट घालू शकते का, याबद्दल. व्यवस्थापन परिषदेने ठराव करून किंवा परिनियमात, म्हणजे अधिनियमाखाली विद्यापीठाने केलेल्या नियमांत, दुरुस्ती सुचवून ७५ ची मर्यादा घालावी, असा प्रस्ताव अधूनमधून कोणीतरी मांडतो. तो टिकणारा नाही. निवडणूक लढवण्याचा आणि निवडून येण्याचा हक्क हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तो मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या पोन्नुस्वामी प्रकरणापासून १९८२ च्या ज्योती बसू प्रकरणापर्यंत पुन्हा पुन्हा सांगितले आहे. हे तत्त्व दोन्ही बाजूंनी चालते. कायद्याने दिले तेवढेच मिळते. पण कायद्याने जे काढून घेतलेले नाही ते दुय्यम नियमाने काढून घेता येत नाही. अपात्रतेची यादी अधिनियमातच दिलेली असताना परिनियमाने किंवा परिपत्रकाने तिच्यात आणखी एका कारणाची भर घालणे म्हणजे अधिनियमात मागच्या दाराने दुरुस्ती करणे होय, आणि तो अधिकार फक्त विधिमंडळाचा आहे.

विधिमंडळाने मनात आणले तर मात्र त्याला अडवणारे फारसे काही नाही. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. त्यात वयाचा समावेश नाही. १४ व्या अनुच्छेदाखाली वर्गवारी तर्काला धरून आहे एवढे दाखवावे लागेल. हरियाणाने पंचायत निवडणुकीत घातलेली दोन अपत्यांची अट २००३ मध्ये आणि शिक्षणाची अट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. त्यांच्या तुलनेत वयाची अट सौम्यच म्हणावी लागेल. क्रिकेटचे उदाहरण तर आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. लोढा समितीने ७० वर्षांवरील व्यक्तींना क्रिकेट संघटनांची पदे नकोत अशी शिफारस केली, १८ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती स्वीकारली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात शरद पवार मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले. पुढे २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम परवानगी देत असतील तर ७० ते ७५ वयोगटातील व्यक्तींना निवडणूक लढवण्याची मुभा दिली. मर्यादा घालणे जमते, पण ती नेमकी कोणत्या आकड्यावर असावी याला शास्त्रीय आधार असा काही नसतो आणि म्हणून ती ताणली जाते, एवढे या प्रवासावरून दिसते.

मर्यादा घालायचीच असेल तर ती कशी लिहायची, हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ढोबळमानाने तीन तऱ्हा प्रचारात आहेत. पहिली प्रवेशाच्या वेळची मर्यादा : नेमणुकीच्या दिवशी अमुक वयापेक्षा जास्त नसावे, एकदा आत आल्यावर मुदत पूर्ण करता येते. दुसरी बाहेर पडण्याची मर्यादा : अमुक वय झाले की मुदत शिल्लक असली तरी पद जाते, आपल्या कुलगुरूंची ६५ ची आणि केंद्रीय विद्यापीठांच्या कुलगुरूंची ७० ची अट या प्रकारची आहे. तिसरी संमतीची मर्यादा, जी कंपन्यांच्या जगातून आली आहे : सूचिबद्ध कंपनीत ७५ वर्षांवरील अकार्यकारी संचालक नेमायचा किंवा पुढे चालू ठेवायचा असेल तर १ एप्रिल २०१९ पासून भागधारकांचा विशेष ठराव लागतो. म्हणजे बंदी नाही, पण तेवढ्या वयाच्या माणसाला का ठेवता याचे कारण उघडपणे सांगून जास्तीचे बहुमत मिळवावे लागते.

या तिन्हींत गल्लत झाली की काय होते ते केरळातील कण्णूर विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. तिथल्या १९९६ च्या कायद्यात साठ वर्षांपेक्षा जास्त वयाच्या व्यक्तीची कुलगुरू म्हणून नेमणूक करू नये असे कलम आहे, आणि कुलगुरू फेरनेमणुकीस पात्र असतील असेही त्याच कलमात पुढे म्हटले आहे. साठी ओलांडलेल्या कुलगुरूंची फेरनेमणूक झाली तेव्हा वयाची अट तिलाही लागू आहे का, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले की ही अट पहिल्या नेमणुकीपुरती आहे, फेरनेमणुकीला ती लागू होत नाही. फेरनेमणूक रद्द झाली ती निराळ्याच कारणाने : कुलपतींनी स्वतःचा निर्णय स्वतः न घेता राज्य सरकारच्या सांगण्यावरून घेतला, म्हणून. मसुदा करणाऱ्याने "नेमणूक किंवा फेरनेमणूक" असे दोन शब्द घातले असते तर वयाचा मुद्दा न्यायालयात उभाच राहिला नसता. महाराष्ट्राच्या कायद्यात कुलगुरूंना फेरनेमणूकच नसल्याने हा पेच आपल्याकडे येत नाही. पण प्राधिकरणांच्या सदस्यांना उद्या वयाची अट घातली, तर निवडणूक, नामनिर्देशन, स्वीकृती (सभागृहाने स्वतः सदस्य निवडून घेणे) आणि रिक्त जागी उरलेल्या मुदतीसाठी होणारी नेमणूक या चारही वाटांचा उल्लेख करावा लागेल, नाहीतर चौथी वाट उघडी राहील आणि सगळे तिथूनच येतील.

शिवाय आपल्याकडची एक खास अडचण आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख म्हणून १ जून लिहून टाकलेली एक अख्खी पिढी ग्रामीण महाराष्ट्रात आहे. आईला आठवते ती तारीख नसते, आठवतो तो "पेरणीच्या आधीचा" किंवा "दुष्काळाच्या वर्षातला" जन्म. नोकरीत शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख अखेरची मानून भागते, कारण ती सेवापुस्तकात आधीपासून चढलेली असते. नोंदणीकृत पदवीधराचे किंवा संस्थाचालकाचे सेवापुस्तक विद्यापीठाकडे नसते. मर्यादा आली की दाखला, आधार कार्ड आणि पारपत्र यांवरच्या तीन वेगवेगळ्या तारखा छाननीच्या टेबलावर येतील, आणि कोणती ग्राह्य धरायची हे कायद्यातच लिहिलेले नसेल तर निवडणूक अधिकाऱ्याची खैर नाही. मोजणीची तारीखही ठरवून द्यावी लागेल : अर्ज भरण्याचा दिवस, मतदानाचा दिवस, की मुदत सुरू होण्याचा दिवस. निवडणुका किती लांबतात हे मुंबई विद्यापीठात आपण पाहिले आहे. तिथली पदवीधर गटाची निवडणूक अनेकदा पुढे ढकलली जाऊन अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २४ सप्टेंबर २०२४ रोजी पार पडली. अर्ज भरताना ७४ वर्षांचा असलेला उमेदवार अशा लांबलेल्या निवडणुकीत निकालाच्या दिवशी ७५ ओलांडून बसू शकतो.

दुसऱ्या टोकाकडेही पाहायला हवे. विद्यार्थी प्रतिनिधींना वयाची मर्यादा सुचवताना कोणालाच संकोच वाटला नाही. लिंगडोह समितीच्या शिफारशींनुसार, ज्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू केल्या, पदवीच्या विद्यार्थ्याने १७ ते २२ या वयात, पदव्युत्तर विद्यार्थ्याने कमाल २४ ते २५ पर्यंत आणि संशोधकाने २८ पर्यंतच निवडणूक लढवायची. त्याशिवाय ७५ टक्के हजेरी, ५,००० रुपयांची खर्चमर्यादा आणि पदाधिकारी होण्याची एकच संधी. वयाच्या सव्वीसाव्या वर्षी एम.ए. करणारी, मधली वर्षे घरच्या जबाबदारीत गेलेली मुलगी विद्यार्थी म्हणून अपात्र, आणि त्याच विद्यापीठाच्या सभागृहात ऐंशीचे संस्थाचालक पात्र, ही विसंगती मला वर्षानुवर्षे खटकत आली आहे. ती दूर करण्यासाठी वरच्या टोकाला मर्यादा घालण्यापेक्षा खालची सैल करणे अधिक सोपे आणि न्याय्य आहे. तरुण पदवीधर निवडून येत नाहीत, ही तक्रारही पूर्ण खरी नाही. वर उल्लेखिलेल्या मुंबईच्या निवडणुकीत दहाही जागा युवासेनेच्या पॅनेलने जिंकल्या. त्या निकालाबद्दल राजकीय मते काहीही असोत, मतदार नोंदणीचे काम नेटाने केले तर पसंतीक्रमाच्या मतदानात प्रस्थापितांना बाजूला सारता येते, एवढे त्यातून सिद्ध होते. पदवीधर गटातील खरी मर्यादा नोंदणीची आहे. लाखो पदवीधरांपैकी फार थोडे नाव नोंदवतात आणि जे पॅनेल अर्ज भरून घेते तेच निवडणूक जिंकते.

परदेशात काय आहे, तेही पाहू. अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठांच्या नियामक मंडळांत मुदतीवर भर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे नेमलेले रीजंट, म्हणजे या मंडळाचे सदस्य, बारा वर्षांसाठी असतात आणि त्यांच्याबरोबर एक विद्यार्थी रीजंट एका वर्षासाठी पूर्ण मताधिकारासह बसतो. मिशिगनमध्ये आठ रीजंट राज्यभरातील मतदार आठ वर्षांसाठी निवडतात. त्याच राज्याच्या घटनेत सत्तरी पूर्ण झालेल्या व्यक्तीला न्यायाधीशपदासाठी निवडून येता येत नाही, पण रीजंटला तशी अट नाही. पूर्णवेळ निवाडे करणारा आणि ठरावीक बैठकांना येऊन धोरण ठरवणारा यांत त्यांनी भेद केला आहे, आणि आपल्या कायद्यानेही नकळत तोच केला आहे.

तो भेद मला पटतो. कुलगुरूंना ६५ ची मर्यादा आहे कारण ते पूर्णवेळ वेतन घेणारे कार्यकारी अधिकारी आहेत. रोज सकाळी टेबलावर येणाऱ्या फायली, परीक्षेचा गोंधळ, आंदोलन, दौरे हे सारे त्यांच्याच अंगावर असते. व्यवस्थापन परिषदेचा सदस्य मानद असतो, त्याला बैठक भत्ता आणि प्रवासभत्ता याखेरीज काही मिळत नाही, आणि त्याच्याकडून अपेक्षा असते ती विषयपत्रिका वाचून येण्याची. ती वाचणे हे मात्र सोपे काम नाही. अर्थसंकल्प, लेखापरीक्षणाचे आक्षेप, बांधकामाच्या निविदा, संलग्नीकरणाचे प्रस्ताव, चौकशी समित्यांचे अहवाल असे पन्नास-साठ विषय आणि त्यांच्या जोडपत्रांचे जाड बाड बैठकीच्या काही दिवस आधी हातात पडते. मी पाहिलेल्या सदस्यांत हे बाड पेन्सिलीने खुणा करून आणणारे बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे होते, निवृत्त प्राचार्य किंवा सनदी लेखापाल; आणि पाकीट बैठकीत येऊन फोडणाऱ्यांत चाळिशीतले पुष्कळ होते. यावरून वृद्ध सदस्य चांगलेच असतात असे मी म्हणत नाही. ऐकू येत नाही म्हणून मागच्याच विषयावर बोलत राहणारे, दर बैठकीत १९८० च्या सुमारास आपण काय केले ते सांगणारे, असेही पाहिले आहेत. पण त्यांच्यामुळे विद्यापीठाचे नुकसान झाले असे मला आठवत नाही; बैठक अर्धा तास लांबली, इतकेच.

नुकसान होते ते दुसऱ्या कारणाने. संस्थेचे अध्यक्ष व्यवस्थापनाच्या गटातून आणि त्यांच्याच महाविद्यालयाचे प्राचार्य प्राचार्यांच्या गटातून एकाच परिषदेत येऊन बसतात, तेव्हा प्राचार्यांचे मत स्वतःचे राहत नाही, कारण त्यांची नेमणूक आणि गोपनीय अहवाल समोर बसलेल्या गृहस्थांच्या हातात असतो. त्या संस्थेच्या नव्या तुकडीचा किंवा थकलेल्या संलग्नीकरण शुल्काचा विषय निघाला की दोघे मिळून गप्प बसतात किंवा दोघे मिळून बोलतात. संस्थाचालक पंचेचाळीस वर्षांचे असले तरी हेच होते आणि पंच्याऐंशीचे असले तरी हेच. वयाची मर्यादा आणली तर वडिलांच्या जागी मुलगा येईल, नावाची पाटी बदलेल आणि आडनाव तेच राहील. म्हणून विधिमंडळापुढे मागणी करायचीच असेल तर ती वयाची न करता एका संस्थेतून एकाच वेळी एकच सदस्य, हितसंबंध असलेल्या विषयाच्या वेळी सभागृहाबाहेर जाण्याची आणि तशी नोंद इतिवृत्तात घेण्याची सक्ती, आणि सर्व प्राधिकरणे मिळून एका व्यक्तीच्या एकूण मुदतींवर बंधन, अशी करावी. त्यातही काही वयाचा निकष हवाच असेल, तर संमतीची तऱ्हा मला मान्य होण्यासारखी आहे, तीसुद्धा फक्त नामनिर्देशित सदस्यांपुरती : ७५ वर्षांवरील व्यक्तीचे नामनिर्देशन करताना कारणे लेखी नोंदवून ती अधिसूचनेबरोबर प्रसिद्ध करावीत. निवडून येणाऱ्याचे कारण मतपेटीने दिलेले असते.

ज्या विशिष्ट सदस्याबद्दल हा प्रश्न आहे त्यांच्यापुरते सांगायचे तर, ते कोणत्या गटातून आले आहेत हे कुलसचिवांच्या अधिसूचनेत पाहावे. पदवीधर किंवा व्यवस्थापन गटातून असतील तर वयाच्या मुद्द्यावर न्यायालयात जाण्यात वेळ आणि पैसा घालवू नये. प्राचार्य किंवा अध्यापक गटातून दाखवले असतील तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते त्या पदावर असूच शकत नाहीत, आणि मग त्यांचे सदस्यत्व वयामुळे नव्हे तर अर्हता संपल्यामुळे गेलेले आहे. तसा लेखी अर्ज कुलसचिवांकडे द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि प्रत कुलपती कार्यालयाला पाठवावी. गैरहजेरीची तक्रार असेल तर मागील बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागवाव्यात. उपस्थितांची यादी इतिवृत्ताच्या पहिल्याच पानावर असते, आणि परवानगी न घेता सलग गैरहजर राहिलेल्या सदस्याचे पद रिक्त ठरवण्याची कार्यवाही त्या यादीच्या आधारे मागता येते.